सलामीत गेलेला हात

फेब्रुवारी संपत आला की आखातातल्या अल ऐनच्या खजुरांना फुलोरा येतो. आपल्याकडच्या आंब्याच्या मोहोरासारखा नाही. झाडाच्या शेंड्याशी लाकडी म्यानासारखं एक आवरण फाटतं आणि आतून पांढऱ्या तुसांचे झुबके बाहेर पडतात. बागेतले कामगार कमरेला दोर बांधून वर चढतात, नर झाडाचा तुरा मादीच्या झुबक्यात खोचतात, पुन्हा खाली उतरतात. दोन-तीन आठवडे सगळ्या गावाला ओल्या कणकेसारखा, किंचित उग्र वास असतो. नेमक्या त्याच दिवसांत शाळेत बोर्डाच्या परीक्षा सुरू होतात.

दोन वर्षांपासून मी परत येऊन इथल्याच एका शाळेत शिकवते. परवा दहावीच्या वर्गावर देखरेखीला होते. खिडकीतून तो वास आला. पहिल्या बाकावरच्या मुलीने मान वर करून विचारलं, "मिस, हाऊ मच टाइम लेफ्ट?" आणि मला घड्याळ वाचता येईना. काटे दिसत होते, पण किती वाजले ते कळत नव्हतं. दहा वर्षं झाली त्या हिवाळ्याला. मीही तेव्हा दहावीतच होते.

अब्बा रुवैसच्या एका कंपनीत स्टोअरचे कारकून होते. पार पश्चिमेच्या टोकाला, समुद्राच्या काठी. त्यांच्या ग्रेडच्या माणसांना तिथे कुटुंब ठेवायची परवानगी नव्हती. म्हणून अम्मी आणि मी अल ऐनला, मामूंच्या शेजारी दोन खोल्यांत राहायचो. बुधवारी संध्याकाळी अब्बा कंपनीच्या बसने अबुधाबीपर्यंत आणि तिथून शेअर टॅक्सीने घरी यायचे. शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की परत. त्यांच्या कपड्यांना ग्रीसचा आणि पुठ्ठ्याच्या खोक्यांचा वास असायचा. अंघोळ झाल्यावरही तो पूर्ण जायचा नाही, आणि मला तो आवडायचा, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

त्या हिवाळ्यात त्यांच्या बॅगेत दर आठवड्याला एक जाडजूड फाइल असायची. आधीच्या दोन सुट्ट्यांत गावी जायच्या अगोदर ते मुंबईत थांबले होते आणि सरकारी दप्तरखान्यात बसून जुन्या कागदांच्या झेरॉक्स काढून आणल्या होत्या. अम्मी म्हणायची, "लोक सुट्टीत घराला रंग काढतात. आमचे हे मेलेल्या माणसांची पत्रं गोळा करतात."

तो मेलेला माणूस म्हणजे अब्बांचे पणजोबा, इब्राहिम जमादार. गावात आमच्या घराला अजून 'जमादाराचं घर' म्हणतात. बंडाच्या साली रत्नागिरीकडच्या आमच्या बंदरातली पलटण घाटावर पाठवली गेली. मागे कचेरी, खजिना आणि तुरुंग उघडे पडले. कलेक्टरने गावातल्या लोकांना पुढे यायला सांगितलं. चाळीसएक जण आले, बहुतेक तांडेल आणि खलाशी. त्यांना जुन्या ठासणीच्या बंदुका दिल्या आणि इब्राहिमला त्यांचा जमादार केलं. वर्षभराहून जास्त काळ त्यांनी पहारा दिला. पगार नव्हता. ते व्हॉलंटियर होते. अब्बा तो शब्द 'वालंटर' असा म्हणायचे आणि म्हणताना नकळत ताठ बसायचे.

मग दरबार झाला. कंपनीचं राज्य संपून राणीचं आलं होतं, तिचा जाहीरनामा वाचायचा होता. हा प्रसंग अब्बा आमच्या गालिच्यावर उभे राहून सांगायचे. इथे शामियाना. इथे कलेक्टर, मडमा, बोटीवरून आलेले साहेब. या खुर्च्या गावातल्या मोठ्या लोकांच्या, आणि कोणाची खुर्ची पुढे यावरून आदल्या दिवसापर्यंत भांडणं. आधी इंग्रजीत वाचलं, मग मराठीत. अत्तरगुलाब झालं. खुर्च्यांच्या मागे, उन्हात, इब्राहिम आणि त्याची माणसं अनवाणी उभी. त्याला पुढे बोलावून मानाचं पागोटं दिलं. मग वालंटरांनी सलामीची फैर झाडली आणि इब्राहिमच्या हातातली बंदूक फुटली. उजव्या हाताची तीन बोटं तिथेच गेली.

"जमादाराचा हात सलामीत गेला, एवढं घरात सगळ्यांना माहीत आहे," अब्बा म्हणायचे. "पुढे काय? तांडेल माणूस. सुकाणू कशाने धरणार? कोणी विचारलं का त्याला? ते कोणालाच माहीत नाही."

मी एकदा म्हणाले, "बट अब्बा, ही वॉज हेल्पिंग द ब्रिटिश." शाळेत आम्ही सत्तावन्न शिकलो होतो. आमच्या पुस्तकात असली माणसं नव्हती.

अब्बा रागावले नाहीत. पेनचं टोपण लावत म्हणाले, "हो. तुरुंगात आत कोण होतं, ते कागद सांगत नाहीत. मलाही ते टोचतं. मी त्याला शाबासकी देत नाही गं शमू. तो तिथे उभा होता, एवढं मला सांगायचंय."

त्यांना ते सांगायची संधी मिळणार होती. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात या वेळी 'आपलं गाव, आपला इतिहास' असा विषय होता आणि अब्बांना वीस मिनिटं दिली होती. इतकी वर्षं ते मंडळात खुर्च्या मांडायला आणि कार्यक्रम संपल्यावर त्या उचलायला जायचे. स्टेजवर ते कधी चढले नव्हते.

अडचण अक्षराची होती. जुन्या कारकुनांचं इंग्रजी अक्षर वेलीसारखं एकात एक गुंतलेलं. अब्बांचं इंग्रजी स्टोअरमधलं: गॅस्केट, फ्लँज, रिसीव्ह्ड, इश्यूड. म्हणून गुरुवारी सकाळी नाश्त्याची भांडी उचलली की आम्ही दोघं जमिनीवर बसायचो. मी वाचायची आणि माझ्या मोडक्या मराठीत सांगायची, आणि ते चांगल्या मराठीत उतरवून घ्यायचे.

"पेटिशनर म्हणजे काय लिहू?"

"जो मागतो तो."

"अर्जदार," ते म्हणायचे आणि तो शब्द वळणदार अक्षरात लिहायचे. "छान शब्द आहे. पुढे?"

खरं सांगायचं तर सुरुवातीला मला मजा यायची. जानेवारी संपेपर्यंत कंटाळा आला होता. रमजान नुकताच सरला होता, अभ्यास मागे पडला होता, मैत्रिणी ट्यूशनला जात होत्या आणि मी गुरुवारची अर्धी सकाळ एका मेलेल्या माणसाच्या बोटांवर घालवत होते.

शेवटचा कागद फेब्रुवारीच्या मधल्या एका गुरुवारी निघाला. शनिवारी गणिताची पूर्वपरीक्षा होती. कागद म्हणजे इब्राहिमचा अर्ज, कोणा लेखनिकाकडून इंग्रजीत लिहून घेतलेला. अर्जदाराचा उजवा हात सरकारच्या सलामीत निकामी झाला आहे. अर्जदार होडी चालवू शकत नाही. घरात चार मुलं आहेत. बंदरावर शिपायाची किंवा सरकार मेहेरबान होऊन देईल ती कोणतीही नोकरी मिळावी. अब्बा लिहीत होते आणि त्यांचे ओठ शब्दाशब्दाला हलत होते. अर्जाखाली समासात वेगळ्या हाताने, वेगळ्या शाईत तीन ओळी होत्या.

"हे उत्तर," अब्बा म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "काय म्हणतात?"

मी वाचलं. पहिला शब्द अगदी स्पष्ट होता. रिफ्यूज्ड. अर्जदार स्वयंसेवक होता, सरकारचा नोकर नव्हे. इजा लढाईत झालेली नसून समारंभात झाली आहे. त्याला पागोटं दिलेलं आहेच.

अब्बा माझ्याकडे बघत होते. पेन कागदावर टेकलेलं. स्वयंपाकघरातून अम्मीच्या तांदळाच्या भाकरी थापण्याचा आवाज येत होता.

"मंजूर केलं, अब्बा," मी म्हणाले.

त्यांचा चेहरा बघवला नाही म्हणून मी तसं म्हटलं, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. ते थोडं खरं आहे. पण नाही म्हटलं असतं तर ते म्हणाले असते, नीट वाच. मग म्हणाले असते, बाकीचे कागद पुन्हा बघू, दुसरा अर्ज असेल. दुपार गेली असती. माझं त्रिकोणमितीचं पुस्तक खाटेवर उघडं पडलं होतं. मला उठायचं होतं.

"मंजूर केलं?"

"हो. बंदरावर नोकरी दिली."

त्यांनी डोळे मिटले, अल्लाचे आभार मानले आणि हाक मारली, "अगं, ऐकलंस का? दिली! नोकरी दिली त्यांना!" अम्मी पिठाचे हात घेऊन दारात आली. तिला काय कळलं कोण जाणे, पण नवरा हसतोय म्हणून तीही हसली. मी पुस्तक उचललं.

अब्बांच्या खिशात तेव्हा महिन्याभरापासून एक पत्र होतं, हे मला नंतर कळलं. कंपनी माणसं कमी करत होती. मार्चअखेर त्यांचा करार संपत होता आणि पुढे वाढणार नव्हता. करार संपला की व्हिसा संपणार, आणि त्यांच्या व्हिसावर अम्मी आणि मी. एकवीस वर्षांनंतर. माझ्या परीक्षेत विघ्न नको म्हणून त्यांनी आणि अम्मीने ते माझ्यापासून लपवलं होतं.

भाषण फार चांगलं झालं. फेब्रुवारीतला शेवटचा गुरुवार, एका शाळेचा हॉल, समोसे, लहान मुलांची पळापळ. अब्बांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. सुरुवातीला ते कागदावरून वाचत होते, मग त्यांनी तो खाली ठेवला आणि आमच्या गालिच्यावर सांगायचे तसंच सांगितलं. शेवटी ते म्हणाले, "समारंभात माणसाला मान देतात आणि नंतर विसरतात, असं आपण नेहमी बघतो. पण इब्राहिम जमादाराच्या हाताची कदर झाली. त्याने मागितलं आणि त्याला मिळालं." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. टाळ्या वाजवताना माझं लक्ष माझ्या हातांकडे होतं.

पुढच्या बुधवारी ते आले तेव्हा त्यांच्याकडे एक मसुदा होता. कंपनीला द्यायचा अर्ज. मुलीची बारावी होईपर्यंत दोन वर्षं मुदत वाढवून मिळावी, कमी पगारावर, कोणत्याही कामावर. तो मी इंग्रजीत करून मामूंच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर टाइप करायचा होता. तेव्हा मला सगळं कळलं. आणि वाचता वाचता हेही कळलं की त्याची वाक्यं इब्राहिमच्या अर्जातली आहेत. तोच क्रम. आधी सेवा, मग अडचण, मग मुलं, मग मागणं.

"अब्बा, असं कोणी लिहीत नाही आता."

"माणसं तीच असतात गं. नीट मागितलं तर ऐकतात."

त्याच शुक्रवारी दलवी चाचा आले. अब्बांचे जुने दोस्त, सनैय्यात, म्हणजे गावाबाहेरच्या कारखान्यांच्या भागात, त्यांचं बांधकामाच्या सामानाचं दुकान होतं. चहा पिता पिता म्हणाले, "हे बघ, माझ्याकडे एक व्हिसा रिकामा आहे. तू ये. काउंटर सांभाळ. पोरीची शाळा चालू राहील. पण मला पंधरा तारखेच्या आत सांग, नाहीतर तो दुसऱ्याला द्यावा लागेल. माझ्या भाच्याने जीव खाल्लाय."

मी आतल्या खोलीत होते. दार उघडं होतं.

"थोडं थांब," अब्बा म्हणाले. "मी उद्या अर्ज देतोय. एकवीस वर्षं काढली तिथे. उत्तर तर येऊ दे."

"हबीबी, अर्जाने काय होतं? ते लोक खलास म्हणाले म्हणजे खलास."

"होतं कधीकधी," अब्बा म्हणाले. "आमच्या घरात झालंय."

मी उठून बाहेर जायला हवं होतं. चार पावलं होती. माझ्यासमोर विज्ञानाची वही होती, सोमवारी पहिला पेपर होता. मी पान उलटलं. ते पान मला आजही दिसतं. मानवी डोळ्याची आकृती होती.

पंधरा तारीख गेली. दलवी चाचांचा भाचा काउंटरवर बसला. वीस तारखेला अब्बांना उत्तर मिळालं. त्यात कारणही नव्हतं.

शेवटच्या दिवशी कंपनीने निरोपाचा कार्यक्रम ठेवला. माझे पेपर संपले होते, म्हणून अम्मी आणि मी पहिल्यांदाच रुवैसला गेलो. मेसच्या हॉलमध्ये फुगे लावले होते. अब्बांसारखे आठ-नऊ जण एका ओळीत बसवले होते. मॅनेजरने अब्बांचं नाव चुकीचं उच्चारलं, हात मिळवला, एक शील्ड दिली. फोटोवाला म्हणाला, "सर, स्माइल." अब्बा हसले. टाळ्या झाल्या. मग त्यांनी गेट पास काढून टेबलावरच्या ट्रेमध्ये ठेवला, कारण जाण्यापूर्वी तो परत द्यायचा असतो. केक कापला. अम्मीने आपल्या वाट्याचा तुकडा तसाच टिश्यूत गुंडाळला.

परतताना बसमध्ये मी अब्बांच्या शेजारी बसले. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला मिठागरासारखी पांढरी जमीन. मग मी म्हणाले, "अब्बा, ते मंजूर नव्हतं झालं."

"काय?"

"इब्राहिमचा अर्ज. रिफ्यूज्ड लिहिलं होतं. तो नोकर नव्हता म्हणून. आणि पागोटं दिलंय म्हणून." मला रडू आलं नाही. रडू आलं असतं तर बरं झालं असतं. "मी खोटं सांगितलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत राहिले. मला वाटलं, आता ते दलवी चाचांबद्दल बोलतील. त्यांनी तो विषय काढला नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही कधी नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "मग त्यांनी काय केलं असेल? चार मुलं होती."

"माहीत नाही, अब्बा."

"हो. कागद तिथेच संपतात." आणि मग, "मी एवढ्या लोकांपुढे चुकीचं सांगितलं."

गावी जायच्या आधीच्या आठवड्यात ते मला बरोबर घेऊन मंडळाच्या सेक्रेटरींकडे, साने काकांकडे गेले. पुढच्या कार्यक्रमात आपल्यातर्फे दोन वाक्यांची दुरुस्ती वाचून दाखवावी, असं त्यांचं म्हणणं होतं. कागद लिहून नेला होता. चूक माझ्या वाचनातली, एवढंच त्यात होतं. 'माझ्या' म्हणजे त्यांच्या. माझं नाव कुठेच नव्हतं.

साने काका भला माणूस. हसून म्हणाले, "अहो, कोणाच्या लक्षात राहतंय इतकं? सगळ्यांना भाषण आवडलं ना? झालं तर." त्यांनी कागद ठेवून घेतला. वाचून दाखवला की नाही, ठाऊक नाही.

एप्रिलमध्ये आम्ही कोकणात परतलो. मी तालुक्याच्या कॉलेजात गेले. तिथल्या मराठीत बोलायला शिकले, मग विचार करायलाही. अब्बा अंगणात आराम खुर्चीत बसायचे. गावातल्या निवृत्त माणसांसारखं चहाच्या दुकानात बसणं त्यांना जमलं नाही. एक दिवस मी कॉलेजातून आले तर ते ओटीवर चार रेघांची वही घेऊन बसले होते. पहिलीतल्या मुलांना देतात तसली, जोडून लिहायची इंग्रजी अक्षरं गिरवायला. छप्पन्न वर्षांचा माणूस मन लावून एफला एफ जोडत होता.

"हे काय अब्बा?"

"ते जुनं अक्षर कसं वळतं ते बघतोय," ते म्हणाले. अगदी सहज. त्यात टोमणा असता तर मी काहीतरी बोलू शकले असते.

दीड वर्षात ते ती झेरॉक्सची सगळी फाइल एकटे वाचू लागले, शेजारी शब्दकोश ठेवून. त्या दीड वर्षात त्यांनी मला एकदाही विचारलं नाही, हे काय लिहिलंय. माझं इंग्रजी घरात सगळ्यांत चांगलं होतं. बँकेचं पत्र येई, दिव्याच्या बिलावर काही छापलेलं असे, मामूंकडून एखादा फॉर्म येई. ते चष्मा लावून सावकाश वाचत. मी समोर असे. मी नाही असं समजून नव्हे, प्रेमानेच. चहा पितेस का, असंही मध्येच विचारत. फक्त कागद पुढे करत नसत. मी दोनदा म्हणून पाहिलं, द्या ना, मी वाचते. ते हसत.

दोन हजार सालच्या उन्हाळ्यात त्यांना गिळायला त्रास होऊ लागला. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी तपासणीला घशातला तुकडा मुंबईला पाठवला. रिपोर्ट घ्यायला आम्ही दोघं गेलो होतो. मी औषधांच्या खिडकीशी रांगेत उभी राहिले आणि परत आले, तर ते बाकावर बसून लिफाफा फोडून वाचत होते. दोन पानं. शब्दाखाली बोट ठेवून, ओठ हलवत, सगळं शेवटपर्यंत. मी थांबले. त्यांचं झालं तेव्हा मी शेजारी बसले आणि हात पुढे केला.

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. कागदाच्या घड्या घातल्या, लिफाफ्यात ठेवल्या, लिफाफा शर्टाच्या खिशात ठेवला.

"राहू दे, शमू," ते म्हणाले. "मी वाचलंय."

मी हात मागे घेतला. बाहेर एसटी लागली होती. ती सुटायच्या आत आम्हाला पोहोचायचं होतं, म्हणून आम्ही उठलो.